बोर्डावरची बाळंतीण
विठाबाई नारायणगावकर (निधन २००२) भर तमाशात बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडून पुन्हा बोर्डावर आल्या, असे सांगतात. आमचे समीक्षक तिला ‘कलानिष्ठा’ म्हणून मिरवतात. ओल्या बाळंतिणीचे रक्त जात असते, सांधे सैल असतात. त्यावर चाळ बांधून फळ्यांवर टाचा आपटायच्या! हाच समीक्षक घरच्या सुनेला सव्वा महिना खाटेवरून उतरू देत नाही. मांगाची लेक तेवढी लोखंडाची.

१९६१ चा प्रसूती लाभ कायदा १९७३ च्या दुरुस्तीने कसरती व इतर खेळ दाखवणाऱ्या आस्थापनांनाही लागू झाला. त्यात फड बसतो का, हा प्रश्न लावणीच्या सौंदर्यशास्त्राला पडत नाही. विठाबाई निदान फडाच्या मालकीण. त्यांच्यामागे नाचणाऱ्या पोरींची बाळंतपणे कोणत्या गावी उरकली?