राखीव प्रत परत मिळते का?

घरच्या संगणकासाठी बॅकअपची आज्ञावली निवडायची म्हटले की गुणवर्णनांचा पाऊस सुरू होतो. दर तासाला आपोआप प्रती, सांकेतिक कुलूप, क्लाउडमधली साठवण, एका बटणावर सारे काही! ही वर्णने आणि त्यांवर बेतलेली परीक्षणे वाचताना आम्हांला एक गोष्ट खटकते. जवळजवळ सगळा मजकूर प्रत घेण्याविषयी असतो. ती परत कशी मिळते याबद्दल दोन ओळी असल्या तर असतात. आमच्या मते परीक्षणाला सुरुवातच तिथून व्हायला हवी.

प्रत घेतली जात आहे हे समाधान किती फसवे असू शकते, हे २०१७ साली दिसले. प्रोग्रॅमर मंडळींचे काम सांभाळणाऱ्या गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारीला एका तंत्रज्ञाच्या हातून मुख्य माहितीसाठा पुसला गेला. सुमारे ३०० गिगाबाइट मजकूर गेला. प्रतींसाठी पाच निरनिराळ्या व्यवस्था असल्याचे मानले जात होते. ऐनवेळी एकही भरवशाची ठरली नाही. नेमाने प्रत घेणारी आज्ञावली आवृत्तीतील फरकामुळे निष्फळ ठरत होती आणि तसे कळवणारी ईमेल वाटेतच नाकारली जात होती. सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी काढलेली एक प्रत हाताशी होती, म्हणून निभावले. कंपनीने हे सारे स्वतःच जाहीर केले, ही तिच्या श्रेयाची बाब. जिथे तज्ज्ञांची ही गत, तिथे प्रश्नपत्रिका, निकालपत्रके आणि घरचे फोटो एकाच हार्ड डिस्कवर ठेवणाऱ्या आपण शिक्षकांनी काय करावे?

या कसोटीवर विंडोजमधली 'फाईल हिस्टरी' पाहू. २०१२ साली विंडोज ८ बरोबर आलेली ही सोय कंट्रोल पॅनेलच्या एका कोपऱ्यात पडून असते, तिची कोणी जाहिरात करत नाही. पण तिच्यात एक फार मोठा गुण आहे. ती प्रती साध्या फाईलींच्या रूपातच ठेवते, फक्त नावापुढे तारीख आणि वेळ जोडते. त्यामुळे आपला संगणक पार जळाला तरी ती बाहेरची डिस्क शेजाऱ्याच्या संगणकाला लावून फाईल उघडता येते. मूळ आज्ञावली लागतच नाही. (नावातली वेळ जागतिक प्रमाणवेळ असते. सकाळी १० ला जपलेल्या फाईलीवर ०४:३० दिसले तर गोंधळू नये. साडेपाच तासांचा हा फरक भूगोलाच्या तासाला कामी येईल.)

दोष मात्र आपल्याकडच्या सवयीत नेमका अडकतो. आपल्याकडे विक्रेते एकाच डिस्कचे सी आणि डी असे दोन भाग करून देतात आणि आपण 'महत्त्वाचे ते डी वर' ठेवतो. फाईल हिस्टरी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स असे ठरावीक फोल्डर जपते. डी वरचा फोल्डर आपण स्वतः यादीत किंवा एखाद्या लायब्ररीत घालेपर्यंत तिच्या लेखी तो नसतोच. सी वरून डी वर नक्कल करून बॅकअप झाला असे मानणाऱ्यांना तर कोणतीच आज्ञावली वाचवू शकणार नाही. डिस्क एकच, ती गेली की दोन्ही गेले.

अ‍ॅपलच्या संगणकांवर २००७ पासून 'टाइम मशीन' आहे. गेल्या २४ तासांच्या तासागणिक, महिन्याच्या रोजच्या आणि त्याआधीच्या आठवडी प्रती, आणि कालच्या फोल्डरात मागे मागे जाण्याची सुरेख सोय. परत मिळवणे इतके सोपे करणारी आज्ञावली आमच्या पाहण्यात दुसरी नाही. पण ती फक्त अ‍ॅपलवाल्यांसाठी.

वनड्राइव्हसारख्या सेवेला बॅकअप म्हणणे आम्हांला मान्य नाही. तिचे मुख्य काम दोन ठिकाणचा मजकूर एकसारखा राखणे. इथे पुसले की तिथेही पुसले जाते. मग घरगुती खात्यात ३० दिवस कचरापेटीत शोधायला वाव, पुढे तोही नाही. फुकट मिळणारी जागा ५ गिगाबाइट. शिवाय वेळेचा हिशेब करा : २०० गिगाबाइट मजकूर सेकंदाला २० मेगाबिट वेगाने उतरवायला २२ तासांहून अधिक लागतील. सेकंदाला १०० मेगाबाइट देणारी डिस्क तेच काम अर्ध्या तासाच्या आसपास करते, लहान लहान फाईली फार असतील तर थोडे जास्त. आणि सेवा बंदही पडतात. क्रॅशप्लॅनने घरगुती ग्राहकांची सेवा थांबवत असल्याचे २०१७ मध्ये जाहीर केले आणि २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये ती थांबवली.

जाणकारांची आवडती 'रेस्टिक' मजकुराचे तुकडे करून, सारखे तुकडे एकदाच साठवून, सर्व कुलूपबंद ठेवते. साठा शाबूत आहे का हे तपासण्याची आज्ञा तिच्यातच आहे, आणि हे आम्ही सर्वांत वरचे मानतो. परंतु परवलीचा शब्द विसरलात तर मजकूर कायमचा गेला; आणि सारा व्यवहार काळ्या पडद्यावर आज्ञा टंकून. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना ती जरूर हाताळू द्यावी. घरच्या वडीलधाऱ्यांच्या गळ्यात मारू नये.

कोणतीही निवडा, पण महिन्यातून एकदा पाच फाईली दुसऱ्या संगणकावर परत आणून पाहा. मूळ फाईल आणि परत आलेली फाईल यांचा 'शा-२५६' ठसा काढता येतो. विंडोजमध्ये त्यासाठी 'सर्टयुटिल' ही आज्ञा आहे. ठसा ६४ चिन्हांचा असतो आणि फाईलीतले एक अक्षर बदलले तरी तो पार बदलतो. दोन्ही ठसे जुळले तर प्रत खरी. वर्गात करून दाखवण्याजोगा हा प्रयोग आहे.

ठसा जुळूनही मराठी मजकूर हाती येईलच असे नाही, हे मात्र कोणत्याच परीक्षणात लिहिलेले नसते. युनिकोडपूर्वीच्या श्री-लिपीसारख्या फॉन्टात टंकलेल्या प्रश्नपत्रिका बिनचूक परत येतात आणि उघडल्यावर भलतीच चिन्हे दिसतात, कारण फॉन्टची फाईल कोणी जपलेलीच नसते. ती विंडोजच्या फोल्डरात असते, म्हणून तिची नक्कल डॉक्युमेंट्समध्ये हाताने ठेवावी लागते.

आमची निवड विचाराल तर फाईल हिस्टरी, डी वरचे फोल्डर यादीत घालून. तिची डिस्क मात्र कायम जोडून ठेवू नये. मजकूर ओलीस धरणारे, २०१७ च्या वॉनाक्रायसारखे विषाणू जोडलेली डिस्कही सोडत नाहीत. आठवड्यातून एकदा जोडावी, काम झाले की कपाटात. आणि दुसरी एक डिस्क, तिमाहीला भरून, नातेवाइकांच्या घरी.