रंगीराम आणि मौलाना

इंग्रजी शब्दकोशात आमच्या नाशिकजवळच्या एका गावाचे नाव आहे आणि त्याचा अर्थ 'डोके फिरलेला' असा दिला आहे. ते गाव म्हणजे देवळाली. नोकरीची मुदत संपलेले गोरे सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत इथल्या छावणीत महिनोन्‌महिने पडून राहत. उन्हाने आणि रिकामपणाने त्यांचे जे होई त्याला 'डूलॅली टॅप' म्हणत. यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. एकलहऱ्याहून नाशिकरोड ओलांडून मी देवळाली कॅम्पात अनेकदा गेलो आहे. पण बीबीसीने या छावणीवर एक विनोदी मालिका केली आणि ती १९७४ ते १९८१ अशी चालली, हे मला पन्नाशी गाठेपर्यंत ठाऊक नव्हते.

मालिकेचे नाव 'इट एन्ट हाफ हॉट, मम'. लेखक जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट. पेरी स्वतः देवळालीला तोफखान्याच्या करमणूक पथकात होता आणि मालिकाही अशाच एका पथकाची आहे. चित्रण मात्र सगळे इंग्लंडातले. नाशिकच्या मातीचा कणही त्यात नाही. पथकाच्या दिमतीला तीन हिंदी नोकर आहेत : बेअरर रंगीराम, चहावाला मुहम्मद आणि पंखेवाला. रंगीराम स्वतःला इंग्रजांतलाच एक समजतो, 'आम्ही ब्रिटिश' म्हणत बाकीच्या दोघांना झापतो आणि मधेच कॅमेऱ्याकडे वळून प्रेक्षकांना चार शहाणपणाचे शब्द ऐकवतो. ही भूमिका मायकेल बेट्स या इंग्रज नटाने केली, चेहरा सावळा रंगवून.

बेट्सचा जन्म १९२० सालचा, झाशीचा. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रह्मदेशात गुरखा पलटणीत अधिकारी होता. उर्दू त्याला सफाईने येई. रंगभूमीवर त्याचे नाव झाले ते १९६६ साली, जो ऑर्टनच्या 'लूट' या नाटकातल्या इन्स्पेक्टर ट्रस्कॉटमुळे. 'पॅटन' (१९७०) या चित्रपटात तो मॉन्टगोमेरी झाला आणि कुब्रिकच्या 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' (१९७१) मध्ये तुरुंगाचा मुख्य रक्षक. या सगळ्या भूमिकांत एक धागा दिसतो : हुकूम सोडणारा, पायरी सांभाळणारा, नियमांवर नितांत श्रद्धा असलेला आणि त्या श्रद्धेमुळेच हास्यास्पद होणारा माणूस. रंगीराम याच कुळातला आहे. तुरुंगातल्या रक्षकाची ऐट त्याने बेअररच्या फेट्याखाली आणून बसवली.

म्हणून बेट्सला नुसता रंग फासलेला विदूषक ठरवून मोकळे होणे मला पटत नाही. मी मालिकेचे काही भाग आधी डोळे मिटून ऐकले. उच्चारांत चेष्टा कमी आणि ओळख जास्त आहे. साहेबापुढचा गोड स्वर आणि पंखेवाल्यावर ओरडतानाचा स्वर यांतले अंतर त्याने अचूक पकडले आहे. साहेबाच्या बंगल्यावर नोकरी केलेल्यांच्या गोष्टी ज्यांच्या घरात ऐकायला मिळाल्या, त्यांना ते अंतर माहीत असते. मग डोळे उघडले, आणि अडचण तिथे सुरू झाली.

अडचण रंगाची आहेच, पण तेवढीच नाही. बेट्सने असे बेअरर पाहिले ते लहानपणी साहेबाचा मुलगा म्हणून आणि पुढे पलटणीचा अधिकारी म्हणून. निरीक्षण खरे, पण ते खुर्चीत बसून केलेले. खुर्चीवरून बेअररची लाचारी दिसते, लबाडी दिसते, मायाही दिसते. साहेब झोपल्यावर तो आपल्या माणसांत कसा बोलतो, ते दिसत नाही. देवळालीचा हा रंगीराम कुठल्या घरातून सकाळी कामावर येतो, हा प्रश्न मालिकेला पडतच नाही. आसपासच्या खेड्यांतून छावणीत राबायला जाणाऱ्या मराठी माणसांचा त्यात मागमूस नाही.

मालिका पुन्हा दाखवायला बीबीसी तयार होईना तेव्हा पेरी संतापला. त्या काळी इंग्लंडात या भूमिकेच्या ताकदीचा हिंदी नट नव्हता, असा त्याचा बचाव होता. बेट्सच्या तोडीचा नट हवा, हे मान्य. पण हा बचाव मालिकेतच कोसळतो. बेट्सशेजारी पहिल्यापासून बसलेला चहावाला मुहम्मद म्हणजे डिनो शफीक, मूळचा ढाक्याचा. पुढे 'माइंड युअर लँग्वेज'मधला अली म्हणून तो आपल्याकडेही घरोघरी ठाऊक झाला. विनोदाची वेळ साधण्यात तो कुणाला हार जाणारा नव्हता. जानेवारी १९७८ मध्ये बेट्स कर्करोगाने गेला. रंगीरामसाठी दुसरा नट घेतला नाही. शफीकच्या वाट्याला जास्त काम आले आणि मालिका आणखी तीन पर्वे चालली. म्हणजे नट होता. हातात चहाची किटली घेऊन तो चार वर्षे तिथेच बसला होता.

बेट्सचा विचार करताना मला सतत आठवत राहिले ते टॉम ऑल्टर. इथे माझ्या लेखणीने एक गंमत केली आहे : बेट्स 'तो' झाला आणि ऑल्टर 'ते'. मुद्दाम केलेले नाही, पण बदलतही नाही. ऑल्टर यांचा जन्म १९५० चा, मसुरीचा. आजी-आजोबा अमेरिकेतल्या ओहायोहून १९१६ साली मिशनरी म्हणून आलेले. फाळणीत हे घरही दुभंगले : आजी-आजोबा पाकिस्तानात राहिले, आई-वडील भारतात. ऑल्टर नागरिकत्वाने भारतीय, आणि परदेशी नट म्हटलेले त्यांना खपत नसे. 'आराधना' पाहून त्यांना राजेश खन्ना व्हावेसे वाटले आणि १९७२ मध्ये ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाले. हिंदी सिनेमाने त्यांना काय केले? साहेब केले. 'क्रांती'त (१९८१) इंग्रज अधिकारी, 'सरदार'मध्ये (१९९३) माउंटबॅटन, आणि मधल्या काळात असे कितीतरी. साहेबाने 'त'चा 'ट' करायचा, हा आपल्या पडद्याचा जुना नियम. ज्या माणसाचा 'क़ाफ' घशातून नेमका उमटत होता, त्याला अनेकदा मोडके हिंदी बोलावे लागले. बेट्सला जिभेसाठी कातडी रंगवावी लागली. ऑल्टर यांना कातडीसाठी जीभ मोडावी लागली.

त्यांच्या कोंडीला भूमिकेचे रूप दिले ते एकट्या सत्यजित राय यांनी. 'शतरंज के खिलाडी' (१९७७) मध्ये ऑल्टर कॅप्टन वेस्टन आहेत. रेसिडेंट औट्रम (रिचर्ड ॲटनबरो) त्यांच्याकडे वाजिद अली शाहाची चौकशी करतो : हा राजा दिवसभर करतो काय? वेस्टन राजाची कविता उर्दूत म्हणतात, तिचे इंग्रजी करून सांगतात आणि आपल्याला ती आवडते हेही दबकत कबूल करतात. औट्रमला कवितेत काही दिसत नाही. आपला हाताखालचा अधिकारी 'त्यांच्यातला' तर होत नाही ना, ही शंका मात्र त्याला येते. ऑल्टर यांनी इथे फार थोडे केले आहे. उर्दू ओळ म्हणताना आवाज सैल होतो आणि इंग्रजीवर येताना पुन्हा गणवेशात शिरतो. चित्रपटातला हा त्यांचा सर्वोत्तम प्रसंग आहे, असे मी म्हणेन. 'परिंदा'तल्या (१९८९) मूसाच्या चाहत्यांचा विरोध पत्करून.

गोऱ्या कातडीला भारतीय नाव देण्याचे धाडस अधूनमधून झाले. राज कपूर यांच्या 'राम तेरी गंगा मैली' (१९८५) मध्ये ते गंगेचा पहाडी भाऊ करमसिंग झाले. नव्वदच्या दशकात दूरदर्शनच्या 'जुनून'मध्ये ते केशव कलसी हा गुंड होते. आमच्या वसाहतीत ती मालिका शेजारच्यांना बोलावून बघितली जाई. निळ्या डोळ्यांच्या माणसाचे नाव केशव कसे, असे कुणी विचारल्याचे मला आठवत नाही. केशव आता काय करणार, एवढेच विचारत.

रंगभूमीने त्यांना याहून पुढे नेले. नसीरुद्दीन शाह आणि बेंजामिन गिलानी यांच्यासोबत त्यांनी 'मॉटली' ही संस्था काढली आणि १९७९ मध्ये पृथ्वी थिएटरला 'वेटिंग फॉर गोदो' केले. पुढे सईद आलम यांच्या उर्दू नाटकांत ते गालिब झाले, बहादुरशाह जफर झाले आणि 'मौलाना' या एकपात्री प्रयोगात अबुल कलाम आझाद झाले. हेच आझाद १९४२ नंतर आपल्या नगरच्या किल्ल्यात कैदेत होते आणि तिथेच त्यांनी 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रे लिहिली.

मी 'मौलाना'चे ध्वनिचित्रमुद्रण पाहिले. पहिली दहा मिनिटे मी एक गोरा माणूस बघत होतो. मग आझादांचा अहंकार पुढे आला : स्वतःच्या विद्वत्तेची खात्री, काँग्रेसमधल्या सहकाऱ्यांवरची बारीक कुरबूर, फाळणीविषयीचा थकलेला राग. ऑल्टर आझादांना संत करत नाहीत, कोपिष्ट आणि एकटे करतात. फाळणीवर बोलताना ते आवाज चढवत नाहीत. वाक्य अर्धे सोडून थांबतात, आणि पुढचे वाक्य भलत्याच, किरकोळ विषयावर सुरू करतात.