'का रे' हा प्रश्न कोणाला? : 'तरुण आहे रात्र अजुनी' आणि रसिकांची दंतकथा

प्रास्ताविक

एखादे भावगीत लोकप्रिय झाले की त्याच्याभोवती रसिकांची एक मौखिक समीक्षा उभी राहते. ती छापली जात नाही, परंतु गाण्याच्या मैफलीनंतर, प्रवासात, महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात ती अव्याहत चालू असते. आणि पुष्कळदा छापील समीक्षेपेक्षा तिचाच प्रभाव श्रोत्यांवर अधिक असतो. सुरेश भट (१९३२–२००३) यांची रचना, हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत आणि आशा भोसले यांचा स्वर लाभलेले 'तरुण आहे रात्र अजुनी' हे गीत या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. एका स्त्रीने शेजारी निजलेल्या पुरुषाला रात्री विचारलेले काही प्रश्न, एवढाच या गीताचा आशय. तरीही त्याचा अर्थ काय, यावर रसिकांत दोन तट आहेत. प्रस्तुत लेखात या दोन अर्थांपैकी संहितेला कोणता मानवतो आणि दुसरा अर्थ लोकांना का हवासा वाटतो, याचा विचार केला आहे.

दंतकथेचे स्वरूप

पहिला अर्थ सरळ आहे. रात्र पुष्कळ उरली आहे, चांदणे आहे, स्त्री जागी आहे आणि तिचा जोडीदार पाठ फिरवून झोपी गेला आहे. दुरावत चाललेल्या नात्याचे हे गीत आहे. दुसरा अर्थ एका कथेच्या आधाराने सांगितला जातो : सीमेवर धारातीर्थी पडलेल्या जवानाचे पार्थिव घरी आले आहे आणि त्याची तरुण पत्नी त्याच्यापाशी बसून हे प्रश्न विचारते आहे. ही कथा ऐकल्यानंतर गाणे पूर्वीसारखे ऐकता येत नाही, असे अनेक रसिक सांगतात, आणि ते खरेही आहे.

ही कथा हास्यास्पद ठरवून बाजूला सारणे योग्य होणार नाही. तिच्यामागे एक जाणता कान आहे. आपल्याकडे मृत्यूच्या घरी स्त्रिया आकांत करताना गेलेल्या माणसालाच उद्देशून बोलतात. असा कसा गेलास, का गेलास, असे त्यालाच विचारतात. 'का रे' हा उद्गार मराठी मनाने शृंगारात जितका ऐकला आहे, तितकाच शोकातही ऐकला आहे. त्यातच विझणे आणि मिटणे ही दोन क्रियापदे या गीतात आली आहेत. दिवा विझतो, डोळे मिटतात; मराठीत दोन्ही मृत्यूची परिचित रूपे आहेत. सैन्यात गेलेला तरुण ही पश्चिम महाराष्ट्रातील गावांना अपरिचित गोष्ट नाही, त्यामुळे कथेला श्रोत्यांचा अनुभवही सहज येऊन मिळतो.

संहितेचा पुरावा

असे असले तरी संहिता या अर्थाला साथ देत नाही. सैनिक, सीमा, युद्ध, अंगण, जमलेली माणसे यांचा गीतात मागमूस नाही. अर्थात केवळ अनुल्लेख हा पुरावा पुरेसा नव्हे. खरा पुरावा रचनेच्या व्याकरणात आहे. गझलेच्या घाटाची ही रचना असून प्रत्येक ओळ सात मात्रांच्या चार खंडांत चालते. तिचे यमक कडक व्यंजनाचे नाही. ते क्रियापदाच्या द्वितीयपुरुषी भूतकाळी प्रत्ययावर आणि त्यामागून येणाऱ्या 'का रे'वर तोलले आहे. म्हणजे प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी पुरुषाची एकेक कृती येते, आणि तीही घडून गेलेली. निजणे, कुशीवर वळणे, विझणे, मिटणे, कोरडे उरणे : क्रिया सगळ्या त्याच्या, प्रश्न सगळे तिचे. नवोदितांसाठी 'गझलेची बाराखडी' लिहिणाऱ्या कवीच्या हातून ही योजना अजाणता झाली असेल, असे मानणे कठीण आहे.

आता या क्रिया तपासाव्यात. दुसऱ्या कुशीवर वळणे ही जिवंत माणसाची कृती आहे, आणि ती गीताच्या आरंभीच येते. पुढचे विझणे आणि मिटणे या वळण्याचे परिणाम म्हणून येतात. वाचकाने ते रूपक म्हणूनच घ्यावेत, अशी तजवीज आधीच झालेली असते. शेवटची प्रतिमा तर याहून बोलकी आहे. तिच्या ठायी लाटा आहेत आणि तो किनाऱ्याप्रमाणे कोरडा आहे. लाट एकदा येऊन थांबत नाही, ती पुन्हा पुन्हा येते. किनारा दर वेळी जागच्या जागी असतो. मृत्यू एकदाच घडतो. येथे जे घडते आहे, ते पूर्वीही घडले असावे आणि उद्याही घडेल.

कोजागिरीच्या चांदण्याला काय उत्तर द्यावे, हा तिचा प्रश्न या संदर्भात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. उत्तर देण्याची अडचण ज्याला काही झाकायचे असते त्याला पडते. वीरपत्नीला काय झाकायचे असणार? तिचे दुःख साऱ्या गावाला ठाऊक असते, गाव तिच्या दारात उभे असते. ज्या स्त्रीचा नवरा घरात आहे, धडधाकट आहे आणि तरीही तिच्यापासून दूर आहे, तिलाच चांदण्यासमोर संकोच वाटेल.

कथा कशासाठी?

मग ही कथा टिकते का? मराठी भावगीतातील विरहाला बहुधा बाहेरचे कारण असते. मंगेश पाडगावकरांचे, यशवंत देवांनी संगीत दिलेले आणि अरुण दाते यांनी गायलेले 'भातुकलीच्या खेळामधली' घ्यावे. तेथे डाव मोडतो, पण दोष दैवाकडे जातो. कोणालाही जबाब द्यावा लागत नाही. म्हणूनच त्या गीताला पूरक कथा रचण्याची गरज कोणाला पडली नाही. भटांच्या या गीतात कारणच दिलेले नाही. तो दूर का गेला, हे तिला माहीत नाही आणि कवीही सांगत नाही. ही रिकामी जागा श्रोत्यांना सोसवत नाही. तीत त्यांनी हौतात्म्य भरले. त्यामुळे एकाच वेळी दोन गोष्टी साधल्या : पुरुष निर्दोष ठरला आणि स्त्रीची शारीर इच्छा शोकाच्या पांढऱ्या वस्त्राखाली झाकली गेली.

असे अन्यत्रही घडते. आयर्लंडच्या यू-टू या रॉक बँडचे 'वन' (१९९१) हे गीत दोन माणसांतील फाटलेल्या नात्याचे आहे. तरीही चाहते ते विवाहसमारंभात वाजवतात आणि गायक बोनो यांनी त्याबद्दल नवल व्यक्त केले आहे. तेथे दुराव्याचे मीलन झाले, येथे दुराव्याचा मृत्यू झाला. नुसता दुरावा दोन्हीकडे गैरसोयीचा ठरला.

बारामतीच्या वाङ्मयीन परंपरेत उत्तर न देणाऱ्या श्रोत्याला हटकण्याची रीत जुनी आहे. बाबूजी नाईकांच्या आश्रयाने येथे राहिलेले मोरोपंत (१७२९–१७९४) 'केकावली'त देवाला कळवळून आणि प्रसंगी सलगीने जाब विचारतात. देव गप्प आहे म्हणून तो मेला असावा, असे कोणी म्हटले नाही. पुरुषभक्ताने देवाला विचारलेले 'का' आपल्याला पचते. स्त्रीने नवऱ्याला विचारलेले मात्र पचत नाही. पुणे जिल्ह्यासह महाराष्ट्रातून गी पॉइटवँ आणि हेमा राइरकर यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्यांत बाई भाऊ, आई, लेक यांच्याविषयी मोकळेपणाने बोलते आणि नवऱ्याविषयीची खंत बहुधा आडवळणाने, जात्यालाच सांगितल्यासारखी येते. भटांची निवेदिका हे आडवळण टाळते. ती त्यालाच विचारते.

अध्यापनाचा प्रश्न येथेच उपस्थित होतो. मुलेमुली एकत्र बसलेल्या वर्गात जवानाची कथा सांगणे सोपे जाते. वर्ग गंभीर होतो, कोणी खाली मान घालून हसत नाही. परंतु त्या सोयीपायी निवेदिकेचा प्रश्न विद्यार्थिनींपर्यंत पोहोचतच नाही. बारामती-इंदापूरच्या साखर कारखान्यांच्या परिसरात गळिताच्या हंगामात येणाऱ्या तोडणी मजुरांत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. दांपत्याची अशी मोजणी समाजाला जमते. त्या दोघांत रात्री काय उरले आहे, हे मोजायला आपल्याकडे शब्द थोडे आहेत, आणि जे थोडे आहेत त्यांतले काही या गीतात आहेत.

दोन्ही तटांकडून निसटलेली आणखी एक शक्यता संहितेत आहे. तो दुरावलाही नसेल. नुसता थकला असेल. रात्रीची वीज आली की उसाला दारे धरायला जाणारा, पहाटे चिखलाच्या पायांनी परतणारा माणसू या तालुक्यांना नवा नाही. तिचा शेवटचा शब्दही प्रश्नच आहे, आरोप नाही. तो जागा झाला असता तर कदाचित त्याने उत्तर दिले असते.