लपवावे कोणाला लागते? काही जपानी व कोरियन चित्रपटांविषयी

जपानी चित्रपटांवर आपल्याकडे जे लिहिले जाते, त्यात पाऊस असतो, मौन असते, चौकटीची मांडणी असते. माणसे फार थोडी असतात. गुलाम, कातडे कमावणारा, उपाशी मरणारा, हे सगळे 'मानवी दुःख' ह्या एकाच पोत्यात भरण्याची सोय कलावादी समीक्षकाला असते. मला ती नाही. दुःख कोणाच्या वाट्याला आले आणि कोणाच्या हुकुमाने आले, हे विचारल्याशिवाय मी पडद्याकडे पाहू शकत नाही. म्हणून येथे मी वेगवेगळ्या दशकांतले आणि वेगवेगळ्या प्रकारचे चार चित्रपट घेतो. चौघांनाही प्रश्न एकच आहे : ह्यात लपवावे कोणाला लागते, आणि उघड झाल्यावर काय होते?

पहिला कोन इचिकावा यांचा 'हाकाई' (१९६२). हाकाई म्हणजे आज्ञाभंग. शिमाझाकी तोसोन यांच्या १९०६ सालच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. जपानमध्ये जनावरे मारणे, कातडे कमावणे अशी कामे पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या माथी मारली गेली, त्या बुराकू समाजाची ही कथा आहे. १८७१ साली सरकारने फर्मान काढून त्यांना सामान्य प्रजेत घेतले. पण लोक त्यांना 'नवे सामान्य' म्हणू लागले. 'नवबौद्ध' ह्या शब्दातला 'नव' कशासाठी चिकटवला जातो, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ह्या 'नव्या'चा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. आणखी एक गोष्ट आपण नजरेआड करू नये. जपान बुद्धाचे नाव घेणारा देश; तरीही तेथील काही बौद्ध मंदिरांनी मृत बुराकूंना हीनत्वदर्शक धर्मनावे दिली. धम्म पुरोहितांच्या हाती गेला की विटाळ त्याच्याही आश्रयाला राहतो, हा धडा आपल्या कामाचा आहे.

'हाकाई'चा नायक उशिमात्सु हा शाळामास्तर आहे. काहीही झाले तरी जन्म उघड करू नकोस, ही बापाची आज्ञा. मुलाचे बिंग फुटू नये म्हणून बाप स्वतः डोंगरात गुरे राखत एकटा राहतो. ह्याला आपल्या भाषेत 'जात चोरणे' म्हणतात. बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ सालचा, म्हणजे ह्या चित्रपटानंतर एकाच वर्षाने आलेला. कोणी कोणाचे पाहून लिहिले नाही. दोन्हीकडची व्यवस्थाच एका घडणीची होती. मात्र 'चोरणे' हे क्रियापद मला नेहमी खटकते. ज्याला लपावे लागते त्यालाच चोर ठरवणारी ही भाषा कोणी घडवली?

उशिमात्सु अखेर वर्गातल्या मुलांसमोर आपला जन्म सांगतो. पण सांगताना तो माफी मागतो. येथे माझे चित्रपटाशी भांडण आहे. मास्तराने मुलांना उत्तम शिकवले. मग माफी कशाची? इचिकावांची सहानुभूती खरी आहे. परंतु सहानुभूतीला रडणारा दलित लवकर समजतो, ताठ उभा राहिलेला उशिरा समजतो. चित्रपटात तसाही एक माणूस आहे. इनोको रेन्तारो हा लेखक आपला जन्म उघडपणे सांगतो आणि मारला जातो. कथेचे केंद्र मात्र त्याच्याकडे जात नाही. बुराकू समाजाने स्वतःची संघटना १९२२ साली क्योतो येथे उभारली. तिचे नाव सुइहेइशा. पाण्याच्या पातळीसारखी सपाट समता हा त्या नावाचा आशय. आपल्या जन्माची लाज नव्हे, अभिमान बाळगण्याचा काळ आला आहे, असे तिने जाहीर केले. पाणी आणि समता हे शब्द एकत्र आले की १९२७ चे महाड आठवतेच. सुइहेइशाचा हा स्वर १९६२ च्या चित्रपटात असू शकला असता. तो दबलेला आहे.

आता केंजी मिझोगुची यांचा 'सान्शो दायू' (१९५४) पाहा. एका सुभेदाराची मुले पळवून नेली जातात आणि सान्शोच्या जहागिरीत गुलाम म्हणून राबतात. तीही आपले कूळ लपवतात. पुढे मुलगा झुशिओ निसटतो, वडिलांनी दिलेल्या कान्नोनच्या मूर्तीवरून त्याची ओळख पटते आणि तो सुभेदार होतो. गुलामी बंद करून तो पद सोडतो. चित्रपट थोर आहे, आणि बहीण आन्जु तळ्यात उतरते तो प्रसंग मी विसरू शकत नाही. पण हिशेब मांडायलाच हवा. झुशिओचा जन्म उघड झाला तेव्हा त्याला सत्ता मिळाली. उशिमात्सुचा उघड झाला तेव्हा त्याची नोकरी गेली. उरलेल्या गुलामांपाशी अशी मूर्ती नव्हती. त्यांची मुक्ती वरून, एका कुलीनाच्या चांगुलपणातून आली. हाती आलेल्या स्वातंत्र्याचे पहिले काम म्हणून ते सान्शोचा वाडा जाळतात. कॅमेरा तेथे फार रेंगाळत नाही, मी रेंगाळतो.

तिसरा मासाकी कोबायाशी यांचा 'हाराकिरी', हाही १९६२ चाच. काळ १६३० चा. उपाशी रोनिन मोतोमे याने आपल्या तलवारींची पाती विकून म्यानात बांबू ठेवला आहे. ई घराण्याचे सरदार त्याला त्याच बांबूने पोट फाडायला लावतात. त्याचा सासरा हान्शिरो जाब विचारायला येतो. हान्शिरो आपल्यातला नव्हे. तो कोसळलेला सामुराई आहे. पण ह्या चित्रपटाने जे दाखवले ते आपल्या उपयोगाचे आहे. येथे लपवतात ते वरचे. ज्यांच्या शेंड्या हान्शिरोने कापल्या ते तिघे आजाराचे सोंग घेऊन घरी बसतात. घराणे त्यांतल्या दोघांना मरायला लावते आणि दप्तरात 'आजाराने मृत्यू' असे लिहिते. मोडलेले चिलखत पुन्हा जोडून आसनावर बसवले जाते. दुबळ्याला आपली लाज अंगावर वागवावी लागते. बलवानाची लाज कारकून पुसून टाकतो. इतिहास कोणी लिहिला, हा आपला जुना प्रश्न कोबायाशींनी सामुराईपटातच विचारला.

चौथा बोंग जून-हो यांचा कोरियन 'पॅरासाइट' (२०१९). अर्ध्या तळघरात राहणारे किम कुटुंब खोटी नावे आणि खोटे दाखले घेऊन पार्क यांच्या बंगल्यात कामाला लागते. सगळे लपते, वास लपत नाही. साबण बदलून काय होणार, तळघर सोडल्याशिवाय हा वास जायचा नाही, हे मुलीला कळते. शेवटी मालक एका मरणाऱ्या माणसाच्या वासाने नाक दाबतो, आणि त्याच क्षणी ड्रायव्हर बाप सुरा उचलतो. ह्या चित्रपटाला २०२० साली ऑस्कर मिळाले आणि जगभरच्या पार्कांनी टाळ्या वाजवल्या. किमचा वास तळघराचा आहे, जन्माचा नाही. पैसा आला तर तो जाईल, निदान मुलाला तसे स्वप्न पडते. उशिमात्सुपाशी शिक्षण होते, नोकरी होती, स्वच्छ कपडे होते. तरी त्याचा 'वास' गेला नाही. वर्ग आणि जात ह्यांतला हा फरक पुसू पाहणाऱ्या मित्रांनी हे दोन चित्रपट लागोपाठ पाहावेत. नाक दाबणारा हात मात्र दोन्हीकडे सारखाच आहे.

'हाकाई' १९४८ साली किनोशितांनी पडद्यावर आणली होती आणि २०२२ साली, सुइहेइशाच्या शताब्दीच्या वर्षी, ती पुन्हा पडद्यावर आली. म्हणजे प्रश्न संपलेला नाही. आपल्याकडेही खोली भाड्याने घेताना आडनाव गिळणारी मुले आहेत. त्यांना 'चोरू नका' असा उपदेश करणे सोपे आहे. मी तो करणार नाही. पोटासाठी आणि छपरासाठी माणूस जे करतो त्याचा न्याय भरल्या पोटाने करू नये. माझे मागणे लिहिणाऱ्यांकडे आणि चित्रपट काढणाऱ्यांकडे आहे. लपणाऱ्याची घालमेल खूप दाखवून झाली. आता कॅमेरा फिरवा आणि दार उघडून आडनाव विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर धरा. माफी मागायची असेलच, तर ती त्याने मागायची आहे.