‘गळ्यावरचे संस्कार’ : एक तपासणी

अभिजात संगीतावरील मराठी समीक्षेत एक शब्द फार सहजपणे वावरतो : संस्कार. अमक्याच्या गळ्यावर संस्कार आहेत, तमक्याच्या नाहीत. हा शब्द तपासून घेतला पाहिजे असे मला वाटते. कारण शास्त्रीय गाणे शिकण्यातील दोन अगदी वेगळ्या अडचणी त्याच्याखाली झाकल्या जातात.

पहिली अडचण स्वराची आहे आणि ती खरी आहे. तंबोऱ्यावर षड्ज लावायचा, तो डळमळू न देता श्वासभर धरायचा, खर्जात उतरायचे, आकार मोकळा ठेवायचा, यात वर्षे जातात. दरबारी कानड्यातला आंदोलित गंधार पेटीच्या पट्टीवर सापडत नाही आणि स्वरलिपीतही पुरता मावत नाही. तो समोर बसून ऐकावा लागतो. विलंबित एकतालाच्या १२ मात्रांचे आवर्तन भरून समेवर यायचे तर लय अंगात मुरावी लागते. ही मेहनत कोणालाही चुकलेली नाही.

आंबेडकरी जलशातल्या गायकाला उघड्या मैदानात शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचवायचा असे. त्यातून उंच पट्टीचा, शब्दाला धार देणारा आवाज घडला. तो ख्यालाकडे वळवायचा तर गळ्याची सवय बदलावी लागते. पण वेगळी सवय म्हणजे उणीव नव्हे. प्रस्थापित समीक्षक तिला संस्कारहीनता म्हणतो तेव्हा तो स्वराविषयी बोलत नसतो, माणसाविषयी बोलत असतो.

दुसरी अडचण समाजाने निर्माण केलेली आहे. पहाटेच्या रियाजाला शेजारी तक्रार करणार नाही अशी खोली लागते, पोटाच्या चिंतेतून सुटलेले दोन तास लागतात आणि घरात घेऊन शिकवणारा गुरू लागतो. तंबोरा आज मोबाइलमध्ये मिळतो. या तीन गोष्टी मिळत नाहीत. मी शिकायला गेलो तेव्हा एका शिक्षकांनी आडनाव विचारले आणि म्हणाले, “तू भीमगीतं छान म्हणशील.” माझा षड्ज त्यांनी अजून ऐकलाही नव्हता. भीमगीत मला कमी दर्जाचे वाटत नाही. वामनदादा कर्डकांचा वारसा माझाच आहे. पण मी काय गावे हे आडनावावरून ठरवण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला?

आमच्यातील काही मित्र म्हणतात, ही कलाच ब्राह्मणी आहे, नाकारा ती. हा नकार मला पटत नाही, कारण त्यामागचा इतिहास चुकीचा आहे. जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) मुसलमान. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर गोव्याच्या कलावंत समाजातल्या. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. घराण्याबाहेरच्यांना शिकण्याची वाट त्यामुळे रुंद झाली, पण त्या वाटेने प्रामुख्याने पांढरपेशी घरेच पुढे गेली. उस्तादांची आणि कलावंतिणींची विद्या मग त्यांची ‘परंपरा’ झाली. दक्षिणेतही निराळे नाही. मृदंग घडवणाऱ्या कारागिरांवर टी. एम. कृष्णा यांनी २०२० मध्ये पुस्तक लिहिले; त्यांतले बरेच दलित ख्रिस्ती आहेत. सभागृहात चामडे चालते, ते चढवणाऱ्याचे नाव मात्र कार्यक्रमपत्रिकेवर येत नाही. अशी अनेकांच्या श्रमांची ठेव आपण होऊन एकाच वर्गाच्या हवाली करण्याला मी विद्रोह म्हणणार नाही.

म्हणून माझी मागणी सवलतीची नाही. आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरांत रोज पहाटे एक खोली गाण्यासाठी मोकळी मिळावी आणि तिथे शिकवायला जाणकार माणसे यावीत. समीक्षकांनी ‘संस्कार’ हा शब्द बाजूला ठेवून नेमके सांगावे : स्वर कुठे ढळला, लय कुठे सुटली, राग कुठे बिघडला. आमचा गंधार चुकला तर तो चुकला असेच लिहावे; मात्र आधी ऐकावा.