पाण्याची ॲलर्जी

हौशी पाणबुड्यांचे हल्लीचे फोटो ओळीनं पाहिले की एक गोष्ट खुपायला लागते. त्यांत मासा असतो, त्याच्या डोळ्याची सोनेरी कड असते, खवला न् खवला मोजता येतो. पाणी मात्र नसतं. काळ्याकुट्ट पार्श्वभूमीवर एकुलती एक समुद्रगोगलगाय, तिच्यावर वरून पडलेला गोल झोत, सराफाच्या पेटीतल्या कुडीसारखी. ती लेंबेहची की अंदमानची, हे खालची ओळ वाचल्याशिवाय कळत नाही.

याची कृती आता सगळ्यांना पाठ आहे. शटर १/२५०, ॲपर्चर एफ/२२, आयएसओ १००, स्ट्रोबच्या, म्हणजे फ्लॅशच्या, तोंडावर झोत अरुंद करणारं स्नूट. भोवतालचा उजेड सेन्सरपर्यंत पोचतच नाही, म्हणून पाणी काळं. कधीकाळी यात धाडस होतं, कारण वाळूवर हलणाऱ्या बोटभर जिवावर तो झोत नेमका पाडणं महाकठीण. मग नेम दाखवणारा दिवा असलेले चिमुकले स्ट्रोब बाजारात आले आणि धाडसाचा छाप झाला. खिशात मावणारा कॅमेरा, प्लॅस्टिकचं हाउसिंग आणि एक स्नूट एवढ्यावर कुणीही तो उमटवू शकतो.

बाकीच्या प्रकारांवर फार शाई खर्चायला नको. अर्धं आकाश-अर्धं पाणी हा प्रकार डेव्हिड डुबिले यांनी असा काही पार पाडला की पुढचे बहुतेक त्यांच्या झेरॉक्स आहेत. शार्कच्या पाठीमागं सूर्याची किरणं : पुरे. स्विमिंग पुलातल्या पैठणी नेसलेल्या प्री-वेडिंगबद्दल न बोललेलं बरं.

मला खिळवून ठेवतं ते हिरव्या, गढूळ पाण्यातलं वाइड अँगल. पाण्याखालचा प्रत्येक फ्लॅशचा फोटो म्हणजे खरं तर एकात मिसळलेले दोन फोटो. जवळच्या विषयावर स्ट्रोबचा उजेड, मागच्या पाण्यावर सूर्याचा. स्ट्रोबची चमक शटरपेक्षा कितीतरी क्षणिक, म्हणून शटर १/६० किंवा १/३० वर आणलं तरी मासा तेवढाच उजळ राहतो, पण मागचं पाणी हळूहळू उमलत जातं. शटरच्या एका चक्रीवर पाण्याचा रंग तुमच्या हातात असतो. आणि नेमकी तीच चक्री आपले हौशी लोक एका टोकाला नेऊन विसरून जातात.

दुसरी गोष्ट अंतराची. लाल रंग पहिल्या पाचेक मीटरमध्येच विरतो, हे सगळे घोकतात. पण हा हिशेब आडवाही चालतो, हे विसरतात. दोन मीटर लांबच्या माशावर पडून परत येणारा उजेड चार मीटर पाणी ओलांडतो. सपाट काचेमागून मासा आहे त्यापेक्षा पाव अंतरानं जवळ भासतो, म्हणून माणूस लांबच थांबतो. फिशआय आणि डोम पोर्ट घेऊन वीतभर अंतरावर जा, स्ट्रोब बाजूला पसरवून किंचित मागं ओढा. मधल्या कणांवर उजेड पडलाच नाही तर बॅकस्कॅटरचं हिमवादळ उठणार कुठून? हे साधायला बॉयन्सी पक्की लागते आणि माशासमोर शांत तरंगायचा धीर लागतो. दोन्ही दुकानात मिळत नाहीत. अर्नी ब्रुक्स यांनी कृष्णधवलमध्ये पाण्याला जो पोत दिला, तो पाहिला की पाणी हाच विषय होऊ शकतो याबद्दल शंका राहत नाही.

पण आता पाणी काळं करण्याचीही गरज उरलेली नाही. ते धुऊनच टाकता येतं. डेर्या अक्काय्नाक आणि ताली ट्रेइबिट्झ यांची सी-थ्रू ही पद्धत २०१९ मध्ये आली. ती प्रत्येक बिंदू कॅमेऱ्यापासून किती लांब आहे हे धरून पाण्याचा परिणाम वजा करते. प्रवाळांची मोजदाद करणाऱ्या शास्त्रज्ञांना ती वरदान आहे, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो हौशी माणसानं घरी बसून तसल्याच बटणांनी समुद्र कोरडा करण्याशी. १९२६ मध्ये लाँगली आणि मार्टिन यांनी फ्लोरिडाजवळ तराफ्यावर मॅग्नेशियमची पूड पेटवली आणि पाण्याखालचं पहिलं रंगीत छायाचित्र मिळवलं. जीव धोक्यात घालून उजेड पाण्यात पोचवायची ती धडपड होती. आपण शंभर वर्षांनी पाणीच हद्दपार करतोय.

सगळ्यात जास्त नुकसान आपल्या किनाऱ्याचं होतंय. मालवणचं पाणी हिरवं आहे, कारण त्यात प्लवक आहेत आणि देवबागला कर्ली नदी गाळ आणून ओतते. चार-पाच मीटर दिसलं तर दिवस बरा म्हणायचा. तिथल्या खडकांवर डोलणारं सरगॅसम, त्यातून गाळून येणारा पिवळसर हिरवा उजेड आणि त्यात उभा असलेला पट्टेरी माशांचा थवा, असं दृश्य मालदीवमध्ये शोधून सापडणार नाही. पण आपले लोक करतात काय? पांढऱ्या रंगाचा तोल फिरवून त्याला मालदीव करतात. पर्यटकांना दाखवायची चित्रंही निळी. मग माणूस पाण्यात उतरतो, हिरवं पाहतो आणि फसवणूक झाली म्हणून चिडतो.

यावर उत्तर ठरलेलं : हिरवा फोटो स्पर्धेत टिकत नाही. इंग्लंडचा समुद्र आपल्याहून थंड, तेवढाच हिरवा. तरीही तिथल्या ‘अंडरवॉटर फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत ब्रिटिश पाण्यासाठी वेगळे गट आहेत आणि त्यात जिंकणाऱ्यांना त्या हिरव्या रंगाची लाज वाटत नाही. आपल्या क्लबांना कोकण किनाऱ्यासाठी असा एक गट काढायला कोणी अडवलंय? नियम दोनच ठेवा : मागचं पाणी दिसलं पाहिजे आणि त्याचा रंग पाण्यात होता तोच राहिला पाहिजे. परीक्षकांनी मूळ रॉ फाइल मागवावी. ज्यांना हे जाचक वाटेल, त्यांच्यासाठी काळ्या पार्श्वभूमीच्या स्पर्धांना जगभर तोटा नाहीच.