‘ऑम्निबस’ : नाव आणि वस्तुस्थिती

एकोणिसाव्या शतकातील नागरी वाहतुकीचे विवेचन करताना ‘ऑम्निबस’ या शब्दाच्या व्युत्पत्तीचा आधार घेण्याचा प्रघात आहे. लॅटिनमधील ‘ऑम्निस’ म्हणजे ‘सर्व’; त्याचे हे चतुर्थीचे बहुवचन, अर्थात ‘सर्वांसाठी’. यावरून ही घोडागाडी प्रारंभापासूनच सर्वांची होती, असा निष्कर्ष काढण्यात येतो. व्युत्पत्ती निर्दोष आहे. निष्कर्ष मात्र ग्राह्य नाही.

पॅरिसमध्ये १६६२ साली पास्कालच्या योजनेनुसार ठराविक मार्गांवर ५ सू भाड्याच्या गाड्या सुरू झाल्या, तेव्हा शिपाई, हुजरे आणि मजूर यांना त्यांत बसण्याची तेथील न्यायसभेने मनाई केली होती. १८२६ साली नांत येथे बोद्रीने गाडी सुरू केली आणि ‘ऑम्निबस’ हे नाव रूढ झाले. त्या वेळी अशी मनाई उरली नव्हती. तिचे काम आता भाडे करू लागले. शिलिबियरने ४ जुलै १८२९ रोजी लंडनमध्ये पॅडिंग्टन ते बँक या मार्गावर ३ घोड्यांची गाडी सुरू केली. तीत २२ उतारू बसत आणि पूर्ण प्रवासास १ शिलिंग पडे. कारकून व व्यापारी तीतून जात. मजूर पायीच चालत राहिला.

या महागाईचे मूळ घोड्याच्या मर्यादेत आहे. घोडा दिवसातून थोडेच तास ओढू शकतो. म्हणून एक गाडी दिवसभर चालती ठेवण्यास १०-११ घोडे पोसावे लागत. लोखंडी रुळांमुळे ओढ हलकी झाली आणि जेथे २ घोडे २६ उतारू नेत, तेथे ते ४६ नेऊ लागले. लंडनमध्ये १८७० पासून रुळलेल्या ट्रामवर कामगारांसाठी सकाळ-संध्याकाळ स्वस्त गाड्या चालविण्याची कायदेशीर अटही होती. मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली, तेव्हा भाडे ३ आणे होते. ते लवकरच २ आण्यांवर आले. ‘सर्वांसाठी’ हा अर्थ साकार होऊ लागला तो असा, आणि तोही दुसरेच नाव धारण करणाऱ्या वाहनात.

पुढे ‘ऑम्निबस’चा संक्षेप होऊन ‘बस’ उरले. त्यात ‘सर्व’ हा अर्थ वाहणारी प्रकृती गळून केवळ विभक्तिप्रत्यय राहिला. तरीही शब्दाचे काही अडले नाही. कारण रूढ झालेला शब्द व्यवहारावर चालतो, व्युत्पत्तीवर नव्हे. नाव ठेवणाऱ्याचा हेतू व्युत्पत्तीवरून कळतो; गाडीत कोण बसले, हे जाणण्यासाठी भाड्याचा दरच पाहिला पाहिजे.